दोन कागद, एक बाई : सिस्टर मेरी यांचं प्रकरण

पहिल्या कागदावर एका चाचणीचे गुण आहेत : ३० पैकी २७. चाचणी देणाऱ्या बाई तेव्हा शंभरी ओलांडलेल्या होत्या. दुसरा कागद त्याच बाईंच्या मेंदूच्या तपासणीचा अहवाल आहे. त्यात अल्झायमरच्या दोन्ही ओळखीच्या खुणा, म्हणजे प्लाक आणि टँगल (प्रथिनांचे ठिपके आणि गुंते), भरपूर सापडल्याची नोंद आहे. पहिला कागद वाचला तर बाईंचं डोकं शाबूत होतं. दुसरा एकटाच हाती आला असता तर कुठल्याही विकृतिशास्त्रज्ञाने हा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा मेंदू असावा असा अंदाज बांधला असता.

या बाई म्हणजे सिस्टर मेरी. शाळेत शिकवून निवृत्त झालेली एक अमेरिकन जोगीण (नन). डेव्हिड स्नोडन या साथरोगतज्ज्ञाने १९९७ साली त्यांचं प्रकरण एका शोधनिबंधात मांडलं, आणि गेल्या पाव शतकात म्हातारपणातल्या मेंदूविषयी बोलताना हे नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं. बहुतेक ठिकाणी ते चार ओळींत येतं : १०१ वर्षं जगल्या, मेंदूत रोग होता, पण विसरल्या काहीच नाहीत. या चार ओळींत त्यांचं आयुष्य मावत नाही आणि या प्रकरणाचा अर्थही मावत नाही, म्हणून इथे ते सविस्तर मांडतो आहे.

वर्गातली ६५ वर्षं

सिस्टर मेरी ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या कॅथलिक संघातल्या. हा संघ १८३३ मध्ये बव्हेरियात सुरू झाला आणि १८४७ मध्ये अमेरिकेत पोचला. नावातच शाळा आहे. गरीब वस्त्यांतल्या, स्थलांतरितांच्या मुलामुलींना शिकवणं हेच त्यांचं काम होतं. शाळा वाढत होत्या आणि शिक्षिका कमी पडत होत्या, तेव्हा कोवळ्या वयातल्या सिस्टर्सना थेट वर्गात उभं केलं जाई. त्यांचं स्वतःचं पुढचं शिक्षण नोकरी सांभाळून व्हायचं.

सिस्टर मेरींनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्या १९ वर्षांच्या होत्या आणि त्यांचं शिक्षण झालं होतं आठवीपर्यंत. पुढे त्यांनी प्रामुख्याने सातवी-आठवीच्या मुलांना शिकवलं. म्हणजे ज्या इयत्तेवर आपली शाळा सुटली, त्याच इयत्तेच्या मुलांपुढे रोज उभं राहायचं. शिकवण्याचा अनुभव असणाऱ्या कुणालाही यातली धास्ती कळेल. मुलाचा एखादा प्रश्न पुस्तकाच्या शेवटच्या पानापलीकडे गेला की बाईंच्या हाताशी पुढचं पुस्तक नसे.

ते पुढचं पुस्तक त्यांनी हळूहळू मिळवलं. वर्षभर शाळा आणि सवड मिळेल तसा अभ्यास, बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या वर्गांमधून. हायस्कूलचं प्रमाणपत्र हाती आलं तेव्हा त्यांचं वय होतं ४१. म्हणजे बावीस वर्षं लागली. इतर मुली हे चार वर्षांत करतात, असं कुणी म्हणू शकेल. माझ्या लेखी या प्रकरणातला हा सगळ्यात मोठा तपशील आहे, मेंदूच्या अहवालापेक्षाही मोठा. बावीस वर्षं एक गोष्ट अर्धवट असल्याचं ठाऊक असूनही ती न सोडणं यातून माणसाच्या स्वभावाचं जे दर्शन होतं, ते कुठल्याही चाचणीतून होत नाही.

पूर्ण वेळ शिकवणं त्यांनी वयाच्या ७७ व्या वर्षी थांबवलं. त्यानंतरही अर्धवेळ शिकवणं ८४ पर्यंत चालू होतं. १९ ते ८४ : हिशेब केला तर ६५ वर्षं. त्यांच्या पहिल्या वर्गात बारा-तेरा वर्षांची असलेली मुलं, त्यांनी खडू खाली ठेवला तेव्हा, जगली-वाचली असतील तर स्वतः सत्तरीच्या शेवटाला पोचलेली असणार.

जोगिणींच्या बाबतीत निवृत्तीचा अर्थ जरा वेगळा असतो. घर बदलत नाही, सोबतीची माणसं तीच राहतात, दिवसाची घडी तीच राहते. प्रार्थनेची वेळ, जेवणाची वेळ आणि एकमेकींची विचारपूस कुणी काढून घेत नाही. वर्ग मात्र सुटतो. सिस्टर मेरी त्यानंतर आणखी सतरा वर्षं जगल्या. जगात काय चाललं आहे याची त्यांना शेवटपर्यंत उत्सुकता होती, असं त्यांच्याविषयी नोंदलेलं आहे.

त्यांच्या दारात अभ्यासक का आला

स्नोडन यांनी १९८६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात असताना याच संघाच्या मँकाटो इथल्या मठात काम सुरू केलं. पहिला प्रश्न साधा होता : शिक्षण जास्त झालेल्या सिस्टर्स जास्त आणि अधिक सुदृढ जगतात का? उत्तर बऱ्याच अंशी ‘हो’ असं आलं. १९९० मध्ये ते केंटकी विद्यापीठात गेले. अभ्यास अल्झायमरकडे वळला आणि संघाच्या अमेरिकेतल्या सातही प्रांतांमध्ये पसरला. १९९१ ते १९९३ या काळात ६७८ सिस्टर्स त्यात सामील झाल्या. सहभागाच्या वेळी त्यांची वयं ७५ ते १०२ होती.

जोगिणींचीच निवड का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सिस्टर मेरींच्या प्रकरणाला वजन येतं ते त्यामुळे. म्हातारपणाचा अभ्यास करताना माणसांची आयुष्यं एकमेकांपासून इतकी वेगळी असतात की कशामुळे काय झालं हे सुटं करता येत नाही. एक सिगारेट ओढतो, दुसऱ्याला डॉक्टर परवडत नाही, तिसरीची सहा बाळंतपणं झालेली असतात. इथे ६७८ बायका अशा की कुणी सिगारेट ओढली नाही, कुणाला मूल झालं नाही, सगळ्या एकाच प्रकारच्या घरात राहिल्या, एकाच धाटणीचं जेवल्या, सारखेच उपचार घेतले आणि बहुतेकींनी आयुष्यभर शिकवलं. शिवाय मठाच्या कपाटांत तारुण्यापासूनची कागदपत्रं जपलेली : शाळेचे निकाल, बदल्यांच्या नोंदी, आणि शपथ घेण्याआधी तरुणपणी स्वतःच्या हाताने लिहिलेली छोटी आत्मचरित्रं.

सहभागाच्या अटी दोन होत्या. दरवर्षी शरीराची आणि स्मरणशक्तीची तपासणी करू द्यायची आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायचा. या दुसऱ्या अटीवर वयोवृद्ध बायका बिचकतील अशी कुणाचीही अपेक्षा असती. विचारलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश सिस्टर्स राजी झाल्या. वयस्क लोकांच्या अभ्यासात मेंदूदानाला इतका होकार फार क्वचित मिळतो. सिस्टर मेरींनीही सही केली. शिक्षकी पेशातल्या माणसाने आपला मेंदू दुसऱ्यांना शिकण्यासाठी ठेवून जावा, यात मला काहीच नवल वाटत नाही. त्यांचा पेशा असाच होता.

पहिला कागद

ज्या चाचणीत २७ गुण मिळाले तिला ‘मिनी मेंटल स्टेट’ चाचणी म्हणतात. १९७५ पासून ती जगभर वापरात आहे. आजची तारीख, वार, ऋतू विचारतात. आपण कुठे आहोत ते विचारतात. तीन शब्द सांगतात, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावतात आणि थोड्या वेळाने तेच तीन शब्द परत विचारतात. पेन्सिल आणि घड्याळ दाखवून नाव सांगायला लावतात. एक वाक्य लिहायचं असतं. एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांची आकृती बघून काढायची असते. साधारणपणे २४ च्या खाली गुण गेले की डॉक्टर सावध होतात. अभ्यासात याखेरीज इतरही कसोट्या होत्या : दहा शब्दांची यादी काही वेळाने आठवणं, एका मिनिटात जमतील तितक्या प्राण्यांची नावं घेणं.

सिस्टर मेरींचे २७ गुण मृत्यूआधीच्या शेवटच्या काळातले आहेत. वय वाढलं आणि शिक्षण कमी असलं की गुण खाली येतात हे सर्वमान्य आहे. शंभरीपलीकडच्या, हायस्कूलही एक्केचाळिशीत पुरं केलेल्या बाईंनी २७ मिळवणं म्हणजे त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान माणसांच्या बरोबरीने बसणं.

चाचणी काही सगळं सांगत नाही. घराघरांत असे आजी-आजोबा असतात, जे डॉक्टरांपुढे तारीख बरोबर सांगतात आणि घरी गॅस उघडा ठेवतात. पण सिस्टर मेरी समूहात राहत होत्या. तिथे कुणाचं विसरणं लपून राहत नाही. रोजच्या व्यवहारात त्यांना कमी पडताना कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून पहिला कागद खरा मानायला हरकत नाही.

दुसरा कागद

वयाच्या १०१ व्या वर्षी सिस्टर मेरी वारल्या. ठरल्याप्रमाणे मेंदू केंटकीत विल्यम मार्क्सबेरी या मेंदूविकृती-तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत गेला. मेंदू कोणाचा, तिचे चाचणीतले गुण किती, हे तपासणाऱ्याला आधी सांगायचं नाही, असा या अभ्यासाचा दंडक होता. त्यामुळे दोन्ही कागद एकमेकांकडे न बघता लिहिले गेले. हे प्रकरण टिकतं ते या शिस्तीवर.

मेंदूचं वजन भरलं सुमारे ८७० ग्रॅम. प्रौढ बाईचा मेंदू साधारण १२०० ते १३०० ग्रॅमच्या घरात असतो आणि वयाबरोबर घटतो. तरी ८७० फारच कमी. सिस्टर मेरी शरीराने लहानखुऱ्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. त्यानंतर पातळ काप कापून, चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा दिसले ते प्लाक, म्हणजे पेशींच्या बाहेर साचलेले बीटा-अमिलॉइड प्रथिनाचे ठिपके. आणि दिसले टँगल, म्हणजे पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे झालेले गुंते.

याच दोन गोष्टी आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ऑगस्टे डेटर या रुग्ण बाईच्या मेंदूत पाहिल्या होत्या. ऑगस्टे यांना १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आणलं तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर ते पूर्ण होत नसे. पंचावन्नाव्या वर्षी त्या गेल्या आणि त्यांच्या मेंदूवरून एका रोगाला नाव मिळालं. तेव्हापासून समीकरण रूढ झालं : हे ठिपके आणि हे गुंते असले की स्मृती जाते. ऑगस्टेंच्या दुप्पट वयाच्या सिस्टर मेरी त्याच खुणा बाळगून २७ गुण मिळवत होत्या.

मग मधे काय घडलं

पहिलं उत्तर लगेच सुचतं : आयुष्यभर डोकं वापरलं, म्हणून ते वाचलं. हे उत्तर ऐकायला गोड आहे आणि सिस्टर मेरींच्या गोष्टीला शोभतंही. त्यामुळेच ते जपून घ्यायला हवं.

१९८८ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी एका शुश्रूषागृहातल्या १३७ वृद्धांच्या मेंदूंची तपासणी केली होती. त्यांतले दहा जण असे निघाले की मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या, पण जिवंतपणी ते संस्थेतल्या सगळ्यात तल्लख माणसांत मोडत. त्यांचे मेंदू सरासरीपेक्षा जड होते आणि त्यांत मोठ्या चेतापेशी जास्त होत्या. यातून ‘राखीव साठ्या’ची कल्पना पुढे आली. सुरुवातीलाच शिल्लक जास्त असेल तर रोगाने थोडं खाल्लं तरी व्यवहार चालू राहतो. पण हे स्पष्टीकरण सिस्टर मेरींना जसंच्या तसं लागू होत नाही. त्यांचा मेंदू हलका होता. वजनाच्या हिशेबात त्यांच्याकडे शिल्लक कमीच होती. त्यांच्या प्रकरणाचा धडा सांगणारे बरेच जण नेमका हाच तपशील गाळतात.

मग साठा वजनात नसून जोडण्यांत असेल का? एका वाटेने अडथळा आला तर दुसऱ्या वाटेने काम करून घेण्याची मेंदूची हातोटी शिक्षणाने, कामाने वाढते, असं मानणारा विचार पुढच्या काळात भक्कम झाला. बावीस वर्षांचा अभ्यास आणि पासष्ट वर्षांचं शिकवणं त्यात चपखल बसतं. मात्र शिक्षण आणि शिकवणं तर बाकीच्या सिस्टर्सच्या वाट्यालाही आलं होतं, आणि सिस्टर मेरींहून जास्त शिकलेल्या, त्यांच्याइतक्याच कष्टाळू कितीतरी जणींना अल्झायमर झाला. कुणा सिस्टरची स्मृती गेली म्हणजे तिने डोकं कमी वापरलं, असा अर्थ यातून कुणी काढला तर तो त्या बायकांवर अन्याय आहे. आज ज्यांच्या घरी आई किंवा वडील स्वतःची मुलं ओळखत नाहीत, त्यांच्या कानांवर हे वाक्य फार वेळा पडतं. सिस्टर मेरींचं नाव घेऊन ते म्हणू नये.

दुसरा धागा रक्तवाहिन्यांचा. १९९७ मध्येच याच अभ्यासातल्या १०२ सिस्टर्सच्या मेंदूंवरून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. त्यांतल्या ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमरचे निकष पूर्ण होत होते. मात्र ज्यांच्या मेंदूत खोलवर, अगदी एक-दोन का होईना, रक्तपुरवठा तुटून मेलेल्या ऊतींचे लहान डाग होते, त्यांच्यात प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त आढळला. म्हणजे ठिपके आणि गुंते अनेकदा एकटे पुरे पडत नाहीत, त्यांना छोट्या झटक्यांची जोड मिळाली की तोल जातो. मला विचाराल तर सामान्य माणसाच्या हाती यातला हाच भाग सगळ्यात जास्त आहे. रक्तदाब मोजता येतो, तो आटोक्यात ठेवता येतो. बावीस वर्षांची चिकाटी औषधाच्या दुकानात मिळत नाही.

तिसरा धागा वयाचा. रोग कधी सुरू झाला यावर बरंच ठरतं. गुंते सहसा स्मृतीशी संबंधित असलेल्या हिपोकॅम्पसच्या आसपास सुरू होतात आणि तिथून वर्षानुवर्षं मेंदूच्या वरच्या थरात पसरत जातात. नव्वदीत सुरू झालेल्या रोगाला हा प्रवास पुरा करायला वेळच मिळत नाही. सिस्टर मेरी आणखी चार-पाच वर्षं जगल्या असत्या तर पहिल्या कागदावरचा आकडा २७ राहिला असता का, याचं उत्तर त्यांच्याबरोबर गेलं.

चौथा धागा पुढे २००९ मध्ये सापडला. जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी जोगिणींच्या याच अभ्यासातले काही मेंदू पुन्हा पाहिले. खुणा होत्या पण लक्षणं नव्हती, अशा सिस्टर्सच्या हिपोकॅम्पसमधल्या चेतापेशींचे केंद्रक आणि पेशीदेह आकाराने मोठे झालेले आढळले. जणू पेशी रोगाला तोंड देताना स्वतःला वाढवत होत्या. याच सिस्टर्सच्या तरुणपणीच्या आत्मचरित्रांत वाक्यागणिक विचारही जास्त दाटीने आलेले होते. १९९६ मधल्या लहानशा पाहणीतही हेच दिसलं होतं : विशीत विरळ, एकेरी वाक्यं लिहिणाऱ्यांच्या मेंदूत साठ वर्षांनी अल्झायमर सापडला, दाट लिहिणाऱ्यांच्या मेंदूत सापडला नाही. त्या पाहणीत मेंदू होते अवघे १४. शिवाय विशीतलं विरळ लिखाण हे पुढच्या रोगाचं कारण की आधीच चाहूल लागलेल्या रोगाची खूण, हे त्यावरून ठरत नाही.

एका बाईच्या प्रकरणातून कारण सिद्ध होत नाही. पण एका बाईच्या प्रकरणाने एक नियम मात्र मोडला. खुणा म्हणजे स्मृतिभ्रंश, हा तो नियम. तो मोडायला एक पक्कं उदाहरण पुरतं, आणि हे पक्कं होतं, कारण दोन्ही कागद स्वतंत्रपणे, आधीपासून ठरवून लिहिलेले होते.

आज त्या असत्या तर

या प्रकरणाला आता नव्याने धार आली आहे. सिस्टर मेरींच्या काळी प्लाक आणि टँगल मृत्यूनंतरच दिसत. आता जिवंत माणसात ते ‘पेट’ (PET) स्कॅनवर दिसतात आणि रक्तातल्या टाऊ प्रथिनावरूनही ओळखता येतात. त्यामुळे तज्ज्ञांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या २०२४ च्या निकषांनुसार रोग ठरतो तो शरीरातल्या खुणांवर, लक्षणं असोत वा नसोत. दुसऱ्या, आंतरराष्ट्रीय गटाचं त्याच वर्षीचं म्हणणं असं की लक्षणं नसलेल्या माणसाला रोगी म्हणू नये, त्याला धोका आहे इतकंच म्हणावं.

पहिल्या व्याख्येने सिस्टर मेरी अल्झायमरच्या रुग्ण ठरतात. दुसऱ्या व्याख्येने ठरत नाहीत. मी दुसऱ्या बाजूला आहे. निदान हा शब्द माणसाच्या घरात शिरतो. तो ऐकल्यावर मुलं बँकेचं पुस्तक काढून घेतात, शेजारी हळू आवाजात बोलायला लागतात, आणि विसरलेली प्रत्येक चावी पुरावा होते.

प्लाक साचायला लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत पंधरा-वीस वर्षं जातात, असं आता मानलं जातं. हा हिशेब सिस्टर मेरींना लावला तर पहिले ठिपके त्यांच्या ऐंशीच्या आसपास साचू लागले असण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा त्या अजून अर्धवेळ शिकवत होत्या. त्या वर्षी कुणी त्यांच्या रक्ताचा थेंब तपासला असता तर अहवालात रोगाची खूण दिसली असती, आणि त्यांना वर्गातून बाहेर काढण्यासाठी तो कागद पुरेसा ठरला असता. तो कागद तेव्हा अस्तित्वात नव्हता. म्हणून सिस्टर मेरी ८४ पर्यंत वर्गात जात राहिल्या.